बनाबाईची पेटी

गुरुवारी दुपारी साडेबाराला आष्ट्यातल्या शाळेत पेटी उघडली, तेव्हा डाळ कच्ची होती.

वरून पाहता तांदूळ फुललेला दिसत होता. क्रांतीनं डाव तळापर्यंत घालून थोडी खिचडी ताटलीत काढली आणि डाळीचा एक दाणा दाताखाली धरला. कच्च वाजला. तिनं पातेल्याच्या अंगाला हात लावून पाहिला, तर हात निवांत टेकवता येत होता. अडीच तासांपूर्वी याच पातेल्यातून रटरट वाफ निघत होती.

शाळेत खिचडी करणाऱ्या सुलाबाई पदराला हात पुसत मागंच उभ्या होत्या.

"न्हाई न्हवं शिजली? मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. "आवं ताई, खोक्यात ठिवून खिचडी शिजत आसती तर आमी वीस वरसं जाळापुढं डोळं कशाला फोडून घेतलं आसतं? सरा आता, पोरं ताटं घिऊन बसल्यात."

त्यांनी पातेलं उचललं, गॅसवर ठेवलं आणि दहा मिनिटांत खिचडी शिजवून पोरांना वाढलीसुद्धा. क्रांती रिकाम्या पेटीशेजारी बसून राहिली.

पेटी तिच्या आईची होती. बनाबाई माण तालुक्यातल्या टाकेवस्तीच्या शाळेत सतरा वर्षं पोषण आहार शिजवत होती. मोडलेल्या बाकांच्या फळ्या ठोकून तिनं ही पेटी करवून घेतली होती आणि आत मेंढराच्या लोकरीनं भरलेल्या गोणपाटाच्या गाद्या बसवल्या होत्या. पातेल्याला चांगली उकळी आणायची, दहा मिनिटं खळखळू द्यायचं, झाकण घट्ट लावायचं आणि पातेलं पेटीत ठेवून वरून गादी दाबायची. पुढचं शिजणं आपोआप व्हायचं. जाळ निम्म्यावर आला होता. एका शाळेचं बघून दुसरीनं, असं करत आसपासच्या अकरा शाळांनी पेट्या केल्या.

तेव्हा दहिवडीला असलेले उदयसिंह साहेब आता बदली होऊन इकडच्या तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी झाले होते. तालुक्यातल्या सगळ्या शाळांनी मिळून हवेत सोडला जाणारा कार्बन कसा कमी करायचा, याचा आराखडा त्यांना करायचा होता. त्यांनी बनाबाईंना फोन लावला. फोन क्रांतीनं उचलला.

"बनाबाईंना घेऊन शनिवारी आष्ट्याला याल का? चाळीस शाळांच्या स्वयंपाकिणी बोलावल्यात. त्यांना पेटी दाखवायची आहे."

"आई मार्गशीर्षात गेली," क्रांतीनं सांगितलं.

साहेब म्हणाले, "मला कुणी कळवलं नाही हो."

"पेटी आहे," क्रांती म्हणाली. "मी घेऊन येते."

ती सांगलीला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. आईच्या हाताखाली तिनं शंभरदा पातेलं धरलं होतं. त्यात न जमण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं होतं. तरी सवय असावी म्हणून ती दोन दिवस आधी आली. आणि आता शनिवार परवावर आला होता. साहेबांनी सरळ सांगितलं होतं: शनिवारी बायकांसमोर शिजली तर पेटी आराखड्यात, कारण आराखडा त्याच संध्याकाळी वर पाठवायचा आहे. नाही शिजली, तर मग झाडं आणि सौर पॅनेल आहेतच. आईची सतरा वर्षं चाळीस बायकांच्या हसण्यात संपणार होती, तीही लेकीच्या हातून.

क्रांतीनं तांदूळ तोच घेतला होता, पाणीही मोजून घातलं होतं. कुठं चुकलं ते तिला कळेना.

सुलाबाई भांडी घासून आल्या तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्यांचा आवाज जरा खाली आला. "जेवला का तुमी?"

"मावशी, इथं जवळ मेंढरं कुठं बसलीत? माझे मामा दरवर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन या बाजूला येतात. केरबा म्हणून."

"केरबा धनगर? दाढीवाला? आवं, त्येंची मेंढरं आमच्या दिराच्याच रानात हाईत की! ऊस तुटून गेला तसं खताला बसवल्यात. तुमचं मामा व्हय?" सुलाबाईंनी पेटीकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. "उद्या शाळा सुटल्यावर जाऊ. मीबी येती. मलाबी बघायचंय ह्या खोक्यात मेलं काय हाय ते."

शुक्रवारी चार वाजता दोघी निघाल्या. पेटीतली एक गादी क्रांतीनं पिशवीत घातली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडणी चालली होती. तुटलेल्या रानांत पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचे, गुडघाभर थर पडले होते. लांब एका शेतात कुणीतरी पाचट पेटवून दिलं होतं आणि काळा धूर आडवा पसरत चालला होता.

मामा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघुरीजवळ उभे होते. भाचीला पाहून त्यांनी फेटा सरळ केला. "आलीस व्हय क्रांते? बस. च्या टाकायला सांगतो."

"मामा, आधी हे बघा."

त्यांनी गादी हातात घेतली, चेपली आणि उसवून आत बोटं घातली. आतून हाताला लोकर आली नाही. आली ती करडी, चिवट, वीतभर रुंद चकती.

"कुनी धुतली?"

"मी."

"ऊन पान्यात?"

"हो. साबण लावून. मग काठीनं बडवून वाळवली."

मामांनी चकती उलटीपालटी करून पाहिली. क्रांतीच सांगू लागली. दहाव्याला घरातलं सगळं विहिरीवर नेलं होतं. अंथरुणं, घोंगडी, आईची लुगडी. सुतकाचं म्हणून प्रत्येक गोष्ट धुवायची असते. पेटी दुरुस्तीला म्हणून घरीच आली होती. मामी म्हणाली होती, ती ऱ्हाऊ दे, ती शाळंची हाय. पण क्रांतीनंच ऐकलं नव्हतं. लोकरीला तुपकट वास येत होता, मळ धरला होता. कधीतरी ही पेटी परक्या माणसांपुढं जाईल, तेव्हा आईची वस्तू स्वच्छ दिसावी, असं तिला वाटलं होतं. धुतल्यावर लोकर निम्मीच भरली. तिला वाटलं, मळ गेला म्हणून.

"मळ न्हाई गेला," मामा म्हणाले. "जेन झालं ह्याचं. आमी खाली बसायला आंथरतो न्हवं, त्ये जेन. लोकर भिजवायची, ऊन पानी मारायचं आन तुडवायची. केस केसात आडकून गच्च बसतोय. बसायला लय झ्याक. ऊब धराया काय कामाचं न्हाई." त्यांनी ती चकती नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "आक्काचा वासबी घालीवलास गं."

सुतकाच्या तेरा दिवसांत क्रांती कुणापुढं रडली नव्हती. आताही ती वाघुरीच्या आतल्या मेंढरांकडं बघत राहिली. सुलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मामांनाच वाईट वाटलं.

"आगं, मी आपलं बोललो. तुला कुनी सांगिटलंच नसंल. आक्का दर ऐतवारी बसायची न्हवं लोकर पिंजत?"

बसायची. ओसरीवर गाद्या उसवून सगळी लोकर पसरायची आणि एकेक झुबका बोटांनी उकलत बसायची. क्रांती सुट्टीला आली की पुस्तक घेऊन शेजारी बसे. तिला ते म्हाताऱ्या माणसाचं वेळ घालवणं वाटे. एकदा तिनं आईला वाचून दाखवलं होतं, की परदेशात लढाईच्या काळात बायका गवतानं भरलेल्या पेटीत असंच अन्न शिजवत. आई म्हणाली, "म्हंजी तिकडच्या बायांनाबी माझ्यासारकाच वैताग आला आसंल." आणि क्रांतीनं एक झुबका उचलून गादीत कोंबला, तसा आईनं तिच्या हातावर चापट मारली होती. "दाबून भरू नगस. पोकळ ऱ्हाऊ दे. ऊब लोकरीत नसती, मधल्या हवंत आसती."

पुस्तकातल्या दोन पानांचं आईनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं, आणि ती चापट तेवढी क्रांतीच्या लक्षात राहिली होती.

"आमच्या आयनं शिकवल्यालं," मामा सुलाबाईंना सांगत होते. "मेंढरांचा वाडा हलवायचा आसला की हुलग्याला उकळी आनायची, गाडगं घोंगड्यात गुंडाळायचं आन घोड्यावर बांधायचं. पुढच्या मुक्कामाला जाऊस्तवर हुलगं शिजल्यालं. आक्कानं त्येच शाळंत नेलं." ते पालात गेले आणि एक गाठोडं घेऊन आले. "ही घे. कातरनीची ऱ्हायल्याली लोकर. एका पेटीला पुरंल. उद्या शिजतीया बघ तुजी खिचडी."

क्रांतीनं गाठोडं उराशी धरलं. त्याला तोच तुपकट वास होता.

"आन आमी चाळीस जनींनी काय करायचं?" सुलाबाई म्हणाल्या. "तुमच्या मामाची मेंढरं सोलायची? उद्या बाया इचारतील, बाई, लोकर कुठनं आनायची? काय सांगनार तुमी?"

"इथं मिळत नाही?"

"आमच्यात ऊस मिळतोय. ऊस, उसाचं वाडं आन ह्ये." त्यांनी पायानं पाचट उडवलं. "दीर उद्याच्याला काडी लावनार हाईत ह्याला."

मामा हसले. "इकडं या दोगी."

वाघुरीच्या कडेला पाचटाचा एक ढीग होता. त्यात मामांनी हातानं खोपे केले होते आणि प्रत्येक खोप्यात एक-दोन कोकरं मुरगळून निजली होती. "थंडीचं हितंच घालतो मी त्येंला. घाल हात."

क्रांतीनं एका कोकराच्या पोटाखालून पाचटात हात सारला. बाहेर जानेवारीचा वारा होता. आत बोटांना भाकरीच्या दुरडीत लागते तशी ऊब लागली. सुलाबाईंनीही हात घातला आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

"व्हय की गं बाई," त्या हळूच म्हणाल्या.

उजेड होता तोवर निर्णय घ्यायचा होता. लोकर खात्रीची होती. उद्या ती भरली असती, तर खिचडी नक्की शिजली असती, बायकांनी कौतुक केलं असतं आणि घरी जाऊन पुन्हा पहिल्यासारखा गॅस लावला असता. पाचटाची खात्री कुणालाच नव्हती. करून बघायला मधे एक दिवससुद्धा नव्हता. आणि पेटीत पाचट भरायचं, तर आईच्या हातचं आत काहीच उरणार नव्हतं.

तिनं गाठोडं मामांच्या हातात परत दिलं.

"इस्वासाची हाय ती, ने की," मामा म्हणाले.

"असू दे. मावशी, पोतं आहे का एखादं?"

"एक काय, तीन देते. पर वाळलंय का बघून घ्या, खालचं वल्लं आसतंय." सुलाबाई केव्हाच पदर खोचून वाकल्या होत्या.

शनिवारी नऊपासून बायका यायला लागल्या. कोणी एसटीनं, कोणी नवऱ्याच्या मागं मोटारसायकलवर. वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर पेटी मांडली होती आणि तिच्यातून पाचटाची टोकं बाहेर आलेली पाहून पहिल्या पाच मिनिटांत बोलणी सुरू झाली.

"काय गं सुले, कोंबडी बसीवल्यास का अंड्यावर?"

"तुला बसवायला जागा केल्या. ये, बस."

दहा वाजता पातेल्याला उकळी आली. क्रांतीनं घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली, झाकण लावलं आणि दोघींनी मिळून पातेलं पाचटात केलेल्या खोप्यात उतरवलं. चारी बाजूंनी पाचट सैल सोडलं. वरच्या गादीसाठी क्रांतीनं आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला होता. त्यातही पाचटच भरलं होतं. सुलाबाई ते बसवताना जरा जोर करू लागल्या तशी क्रांती म्हणाली, "दाबून भरू नका, मावशी. पोकळ राहू दे."

मग वाट बघण्याशिवाय काम उरलं नाही. फरशी गार होती. क्रांतीनं पिशवीतून धुतलेल्या लोकरीच्या चकत्या काढल्या, एकाला एक जोडून अंथरल्या आणि त्यांवर बसली. मामा खोटं बोलले नव्हते. बसायला झकास होतं.

"कोन हुती ओ तुमची आय?" एका बाईनं विचारलं. "शिकल्याली हुती का?"

"चौथी," क्रांती म्हणाली. एवढंच बोलून ती थांबणार होती. पण बायका सरकून जवळ बसल्या होत्या आणि अडीच तास होते.

तिनं दहिवडीच्या बैठकीचं सांगितलं. शाळांचा कार्बन कसा कमी करायचा यावर गुरुजींची बैठक होती आणि बनाबाई चहा द्यायला आली होती. कुणी म्हणालं शंभर झाडं लावू, कुणी म्हणालं सौर पॅनेल बसवू, कुणी घोषवाक्यांची स्पर्धा सुचवली. कप गोळा करताना बनाबाई दारात थांबली. म्हणाली, "साहेब, शाळंचा धूर तर माझ्या चुलीतनं निगतोय. त्यो आदी कमी करू. झाडं लावाच, पर पानी कोन घालनार त्ये ठरवून लावा." उदयसिंह साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही, कारण हातात कप होते.

"आणि नुसतं बोलून थांबली नाही. पोरांची वजनं करायचा काटा असतो ना शाळेत? दर सोमवारी ती जळणाची मोळी त्यावर चढवायची. पोरांची वजनं वाढायला पाहिजेत आणि मोळीचं उतरायला पाहिजे, म्हणायची. तिसरीच्या पोरांना आकडा भिंतीवर लिहायला लावायची. बत्तीस किलोवरून पंधरावर आणली. मग पलीकडच्या वस्तीवरच्या बाईंना विश्वास बसेना, म्हणून पेटी डोक्यावर घेऊन तीन मैल चालत गेली. तिथं शिजवून दाखवलं आणि रिकामं पातेलं घेऊन परत आली. असं अकरा शाळांत."

"आन पगार काय वाढीवला का तिचा?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"नाही."

"त्ये न्हाईच वाढायचा," ती बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. क्रांतीही हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

साडेअकराला साहेब आले. बनाबाईंच्या जागी क्रांतीला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. तेवढं पुरेसं होतं. पण त्यांना दुसऱ्या शाळेतही जायचं होतं, आणि आराखड्याला फोटो हवा होता. त्यांनी पेटीवरच्या लुगड्याच्या गादीला हात घातला. "जरा उघडून एक फोटो घेऊ. पुन्हा झाकू."

"हां, साहेब!" सुलाबाईंचा आवाज असा आला, की साहेबांनी हात मागं घेतला. "उगडायचं न्हाई. वाफ गेली की खेळ खलास. थांबायचं आसंल तर थांबा, न्हाईतर जावा तुमी दुसऱ्या शाळंत."

साहेबांनी सुलाबाईंकडं पाहिलं आणि मग घड्याळ काढून खिशात टाकलं. "टाकेवस्तीला पण मला असंच हटकलं होतं," ते म्हणाले. आणि ते जमिनीवरच मांडी घालून बसले.

पावणेएकला सुलाबाईंनी गादी उचलली. क्रांतीनं पातेल्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. झाकण निघालं, वाफेचा लोट वर आला आणि पुढच्या दोघी मागं सरल्या. क्रांतीनं डाव तळाला नेला. डाळीचा दाणा तिनं या वेळी दाताखाली धरला नाही. दोन बोटांत घेतला. तो विरघळूनच गेला.

ताटली तिनं सुलाबाईंपुढं केली. सुलाबाईंनी घास घेतला, गिळला आणि मगाच्या कोंबडीवालीकडं वळल्या. "काय गं? अंडं उबलं बघ."

मग जो गोंधळ झाला, तो चांगला झाला. मटकीला किती वेळ लागेल? पाचटात मुंग्या आल्या तर? पाऊसपाण्याचं पाचट वल्लं झालं तर? उंदरं? एकीचं म्हणणं पडलं की पेटी कशाला, तिच्या घरी जनावरांच्या वैरणीचं मोठं डालगं आहे, ते चालेल. दुसरी म्हणाली, आमच्याकडं भाताचा पेंढा आहे. प्रत्येक प्रश्नाला क्रांतीनं तोंड उघडायच्या आत सुलाबाईच उत्तर देत होत्या, आणि अर्धी उत्तरं त्यांनी जागच्या जागी बनवलेली होती. पण ती बरोबर होती.

साहेबांनी कागद काढला. "लागणारे साहित्य, असा रकाना आहे. काय लिहू? लोकर की पाचट?"

क्रांतीनं सुलाबाईंकडं पाहिलं.

"लिवा की," सुलाबाई म्हणाल्या, "ज्येच्याकडं जे हलकं-पोकळ आसंल त्ये."

निघताना क्रांतीनं पेटी तिथंच ठेवली. लोकरीच्या चकत्या मात्र गुंडाळून पिशवीत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या घरात खिडकीपाशी त्याच चकत्यांवर बसली होती. पुस्तक उघडं होतं, पान उलटलं जात नव्हतं. फोन वाजला.

"ताई, मी सुलाबाई, आष्ट्याची. आज ऐतवार न्हवं? पेटीतलं पाचट काडून उनात टाकलंय. वाफंनं लय दमाट झालं हुतं. दीरबी म्हनलं, आता काडी लावत न्हाई, कुनाकुनाला लागंल." मागं कुठंतरी कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. "आता ह्ये वाळलं की हातानं मोकळं करून भरायचं. असंच करायची न्हवं तुमची आय?"

क्रांतीच्या तोंडून माणची बोली सुटून वीस वर्षं झाली होती.

"व्हय," ती म्हणाली. "आसंच करायची."